एका ग्रॅमला अर्धा लिटर हवा

थानसिंगला रात्री दोनला जाग आली आणि पहिलं काय जाणवलं, तर गार खालून लागत नाहीये, वरून लागतंय. छातीवर आणि गुडघ्यांवर. खाली चांगली जाड मॅट होती, अंगात थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट, पायात दोन दोन मोजे, आणि तरी छातीवर कुणी ओली फरशी ठेवल्यासारखं वाटत होतं. सिक्कीममधला गोएचालाचा ट्रेक, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, उंची ३,९३० मीटर, टेंटची चेन जराशी उघडली तर समोर चांदण्यात पांडिम शिखर उभं. इतकं सुंदर दृश्य आणि मी ते दात वाजवत बघतेय.

माझ्या स्लीपिंग बॅगवर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. डाऊन, म्हणजे आत पक्ष्याची मऊ लव. ७५० फिल पॉवर. उणे १०. सकाळी गाईडने सांगितलं की रात्री उणे ६ पर्यंत गेलं होतं, म्हणजे लेबलवर विश्वास ठेवला तर मला आरामात झोप लागायला हवी होती.

माझ्या टेंटमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एक ताई होत्या, साठीच्या जवळ आलेल्या, तीस वर्षं हिमालयात फिरलेल्या. माझी चुळबुळ ऐकून त्या जाग्या झाल्या. "काय गं, थंडी वाजतेय?" म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "हेडटॉर्च बॅगेच्या आत धर बघू." मला कळेना कशाला, पण धरला. बॅगेवर आडवे कप्पे शिवलेले असतात ना, त्या प्रत्येक कप्प्याच्या मधोमध, म्हणजे नेमकं माझ्या छातीवर, उजेड आरपार येत होता. भरण सगळं दोन्ही बाजूंना घसरून कडेला गोळा झालेलं, काळसर ठिगळांसारखं दिसत होतं. मध्ये नुसतं कापड, खालचं आणि वरचं. ताई म्हणाल्या, "अगं, ही तर रिकामीच आहे." मग त्यांनी त्यांचं जादाचं जॅकेट माझ्या छातीवर पसरलं, थर्मासमधलं कोमट पाणी माझ्या बाटलीत ओतून ती बाटली पोटाशी धरायला दिली, आणि मी पहाटेपर्यंत कशीबशी पडून राहिले.

त्या रात्री मला सारखा पिंजारी आठवत होता. माझं लहानपण कराडला गेलं. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की खांद्यावर धनुकली घेऊन पिंजारी यायचा, दर दोन-तीन वर्षांनी आजी त्याला आत बोलवायची. गाद्या उसवल्या जायच्या आणि आतून निघायचा तो कापूस म्हणजे नुसती ढेकळं, पिवळट, दाबून दाबून चपट झालेली. मग तो ओसरीवर बसून धनुकलीची तार कापसात घालायचा आणि मोगरीने टोला मारायचा, टँव टँव टँव असा तो आवाज, आणि बघता बघता त्या ढेकळांचा ढग व्हायचा, आमच्या गुडघ्याएवढा. नाकाला रुमाल बांधून आम्ही बघत बसायचो. मी एकदा आजीला विचारलं होतं, एवढा कापूस कुठून आला गं, आणि आजी म्हणाली, "कापूस तेवढाच आहे, हवा शिरली त्यात."

स्लीपिंग बॅगेबद्दल मी त्यानंतर खूप वाचलं, लोकांना विचारलं, दुकानांतून हात घालून बघितलं, पण आजीच्या त्या वाक्याच्या पलीकडे मूळ मुद्दा काही गेला नाही. ऊब कापसात नसते, लोकरीत नसते, डाऊनमध्येही नसते. ऊब आपल्या अंगातून निघते, आणि अंगाभोवतीची हवा जागच्या जागी थांबून राहिली की ती आपल्यापाशी राहते. जुन्या साड्यांची गोधडी उबदार असते ती थराथरांमध्ये अडकलेल्या हवेमुळेच. फक्त गोधडी पाठीवर टाकून तुम्ही ४,००० मीटरवर चढू शकत नाही, आणि इथेच डाऊनचा नंबर लागतो, कारण इतक्या कमी वजनात इतकी हवा धरून ठेवणारं दुसरं काही माणसाला अजून तरी नीट बनवता आलेलं नाही.

डाऊन म्हणजे पीस नव्हे. हा घोटाळा आपल्याकडे फार आहे, दुकानदारसुद्धा "पिसांची बॅग" म्हणतात. बदकाच्या किंवा गूजच्या (पाळीव हंसाच्या) छातीवर आणि पोटावर, वरच्या पिसांच्या खाली, एक मऊ लव असते, ती डाऊन. पिसाला मधे देठ असतो, ते चपटं असतं. डाऊनला देठ नसतो, एका बारीक बिंदूपासून सगळ्या बाजूंना तंतू निघालेले असतात, प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू. लहानपणी आपण रुईची म्हातारी पकडायचो ना, फुंकर मारली की उडणारी, साधारण तसंच दिसतं, फक्त म्हातारी एका बाजूला छत्रीसारखी उघडते आणि डाऊनचा गोळा चहूबाजूंनी. त्याला क्लस्टर म्हणतात. पक्षी पूर्ण वाढलेला असेल तर क्लस्टर मोठा, कोवळ्या पक्ष्याचा लहान. गूज आकाराने मोठा म्हणून त्याचं डाऊन साधारणपणे बदकापेक्षा सरस पडतं, पण चांगल्या बदकाचं डाऊन वाईट गूजपेक्षा कधीही चांगलं. पांढरं आणि राखाडी यात उबेच्या दृष्टीने काहीही फरक नाही, पांढरं फक्त पातळ कापडातून दिसत नाही.

घरी आल्यावर मी ती बॅग उसवली. तिचा दुसरा काही उपयोगही नव्हता आणि मला बघायचंच होतं की मी नेमके पैसे कशाचे दिले. पंखा बंद, खिडक्या बंद, बाथरूमचं दार लावून, तोंडाला मास्क लावून एक एक कप्पा कापत गेले आणि आतलं सगळं एका मोठ्या पिशवीत भरून किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवलं. ३१० ग्रॅम. अख्खी बॅग सव्वा किलोची, त्यातलं भरण एवढंच, बाकी सगळं कापड आणि चेन. मग त्यातलं १० ग्रॅम बाजूला काढून, काळा कागद अंथरून, चिमट्याने निवडायला बसले. (तांदूळ निवडण्यापेक्षा हे कितीतरी किचकट आहे, श्वास जोरात सोडला तरी उडतं. लॅबमध्येसुद्धा हे काम असंच हाताने, काही ग्रॅमच्या नमुन्यावर करतात.) अख्खी दुपार गेली. एका बाजूला क्लस्टर, एका बाजूला पिसं, तुटके तंतू, देठांचे तुकडे, भुसा. क्लस्टर भरले ४ ग्रॅम. ६ ग्रॅम इतर. त्यातलं एक पीस मी बोटांत धरून बघितलं, करंगळीएवढं, देठ चांगला कडक, टोक कापडातून बाहेर यायला पुरेसं टोकदार. चांगल्या बॅगेवर ९०/१० किंवा ९५/५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे वजनाने नव्वद टक्के डाऊन आणि दहा टक्के पिसं. थोडी पिसं राहणारच. माझ्या बॅगेत ते उलटं होतं आणि लेबलवर हे प्रमाण लिहिलेलंच नव्हतं.

आता फिल पॉवर. हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो आणि बहुतेकांना वाटतं की तो उबेचा आकडा आहे. तसं नाहीये. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास डाऊन एका उभ्या नळकांड्यात टाकतात, वरून ठरावीक वजनाची चकती ठेवतात, आणि ते किती घन इंच जागा व्यापतं ते मोजतात. ८०० घन इंच व्यापली तर ८०० फिल पॉवर. औंस आणि इंच आपल्या डोक्यात बसत नाहीत म्हणून मी ते ग्रॅम आणि लिटरमध्ये करून बघितलं, आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा खरं समजलं. ८०० फिलचं एक ग्रॅम डाऊन साधारण ४६० मिलीलिटर जागा व्यापतं. एका ग्रॅमला जवळजवळ अर्धा लिटर! चिमूटभर लव आणि दुधाची पिशवी भरून हवा. ५५० फिलचं असेल तर एका ग्रॅमला ३२० मिलीलिटरच्या आसपास. माझ्या बॅगेतलं १० ग्रॅम मी पाच लिटरच्या बरणीत टाकून, हलवून, रात्रभर फुलू देऊन बघितलं, ते निम्म्या बरणीशी थांबलं. घरगुती प्रयोग आहे, लॅबमध्ये नमुना आधी वाफ देऊन वगैरे फुलवतात आणि पद्धतीनुसार आकडा थोडा इकडे तिकडे होतो, पण ७५० असतं तर ती बरणी जवळजवळ भरायला हवी होती.

पण समजा ते खरंच ७५० असतं, तरी? तरीही ती बॅग उबदार झाली नसती, कारण ३१० ग्रॅमच होतं. आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. फिल पॉवर म्हणजे डाऊन किती चांगलं, आणि फिल वेट म्हणजे किती घातलंय. ऊब दोन्हींच्या गुणाकारातून येते. ८०० फिलचं ५०० ग्रॅम म्हणजे साधारण २३० लिटर अडकलेली हवा. तेवढीच हवा ६०० फिलने धरायची तर ६७० ग्रॅमच्या आसपास डाऊन लागेल. म्हणजे ६०० वाली बॅगसुद्धा तितकीच उबदार होऊ शकते, फक्त पावणेदोनशे ग्रॅम जड आणि सॅकमध्ये जरा जास्त जागा खाणारी. माझ्या बॅगेत ऐंशी लिटरसुद्धा हवा नव्हती. बॅग विकणारे फिल पॉवर ओरडून सांगतात आणि फिल वेट विचारलं की "मॅडम, टोटल वेट सव्वा किलो आहे" म्हणतात. टोटल वेट नकोय हो मला, आत किती ग्रॅम घातलंय ते सांगा. जो हे सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि जर तुमचं सामान खेचरावर किंवा याकवर जाणार असेल तर ८५०, ९०० च्या मागे लागून दुप्पट पैसे घालवायची काही गरज नाही, ६५० ची भरपूर भरलेली बॅग घ्या आणि सुखाने झोपा.

तापमानाचंही असंच. युरोपात २००२ पासून यासाठी एक प्रमाण पद्धत आहे, आधी ईएन १३५३७ आणि आता आयएसओ २३५३७, त्यात सेन्सर लावलेला गरम पुतळा बॅगेत झोपवून मोजतात आणि तीन आकडे देतात. कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. कम्फर्ट हा एका सर्वसाधारण बाईला आरामात झोप लागेल असा आकडा, लिमिट हा एका सर्वसाधारण पुरुषाचा, तोही अंग आखडून झोपलेला, आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव वाचेल, झोपेचं नाव काढू नका. कम्फर्ट आणि लिमिटमध्येच बऱ्याचदा पाच-सहा अंशांचा फरक असतो. माझ्या बॅगेवरच्या उणे १० च्या पुढे यातलं काहीच लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बायकांनी कम्फर्टच बघावा, आणि ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते त्या पुरुषांनीही.

शिवण बघायची. स्वस्त बॅगेत वरचं आणि खालचं कापड एकमेकांना थेट शिवून कप्पे करतात, म्हणजे प्रत्येक शिवणीवर भरणाची जाडी शून्य आणि तिथून थंडी आत. चांगल्या बॅगेत दोन कापडांच्या मध्ये जाळीची उभी भिंत असते, त्याला बॅफल म्हणतात, डबीसारखा कप्पा होतो आणि डाऊन सगळीकडे पूर्ण फुलतं. चेनच्या आतून डाऊन भरलेली पट्टी, मानेभोवती कॉलर, बस. दुकानात बॅग पिशवीतून काढून दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवायला सांगा, मग हलकेच तळहात दाबा, तळहात आतल्या कापडाला लगेच टेकला तर समजून जा. आणि टॉर्च घेऊन जा. लोक बघतात, बघू दे.

हे सगळं शोधताना एक गोष्ट सापडली आणि मी त्या दिवशी खूप आनंदात होते. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच होते, जन्माने ऑस्ट्रेलियन, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. बाकीचे गिर्यारोहक लोकर आणि ट्वीडमध्ये, आणि फिंचनी स्वतः डोकं लावून बलूनच्या कापडाचा कोट करून घेतलेला, आत आयडर बदकाचं डाऊन. सुरुवातीला लोक हसले. वर वारा सुटल्यावर हसणं थांबलं आणि सगळ्यांना त्या कोटाचा हेवा वाटायला लागला. त्या मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन लावून ८,३०० मीटरच्या आसपास पोचले, तोपर्यंत कुणीही डोंगर चढून इतक्या उंच गेलं नव्हतं. आणि हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ पुण्यात होते, पाषाण रोडच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, संचालक म्हणून! मी त्या गेटसमोरून वर्षानुवर्षं बसने जातेय. डाऊनचा कोट घालून एव्हरेस्टवर इतक्या उंच गेलेला माणूस इथे, याच झाडांखालून ऑफिसला जात होता, हे कळल्यापासून तो स्टॉप आला की मी मान वळवून बघते.

आयडरचं डाऊन वेगळंच असतं. आइसलँडमध्ये ही बदकीण अंडी घालताना स्वतःच्या छातीची लव काढून घरट्यात अंथरते, आणि तिथले शेतकरी पक्ष्याला न मारता ती घरट्यातून गोळा करतात, एक किलोला साठेक घरटी लागतात. ते इतकं महाग असतं की तुमच्या माझ्या बॅगेत कधी येणार नाही. आपल्या बॅगेतलं डाऊन मांसासाठी पाळलेल्या बदकांचं आणि गूजचं असतं, सगळ्यात जास्त चीनमधून येतं, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची लव ओरबाडून काढायची पद्धत होती, तिचे व्हिडिओ मी बघितले आणि पूर्ण बघू शकले नाही. माझ्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही, त्यामुळे डाऊन घ्यावं की नाही यावर मी बरेच महिने अडून होते. २०१४ पासून रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड नावाचं प्रमाणपत्र आहे, जिवंतपणी लव काढायची नाही, जबरदस्तीने खाऊ घालायचं नाही, आणि फार्मपासून बॅगेपर्यंत तपासणी. मी ते असलेलीच घेतली, आणि ती वीस वर्षं टिकवायची असं ठरवून घेतली. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांचं मला शंभर टक्के पटतं, त्यांनी सिंथेटिक घ्यावी, जड असते पण ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. डाऊन ओलं झालं की क्लस्टर एकमेकांना चिकटतात आणि हवा संपली. पाणी लवकर न शोषणारं, प्रक्रिया केलेलं डाऊन हल्ली मिळतं, त्याने वेळ मिळतो, संरक्षण नाही.

म्हणूनच सह्याद्रीसाठी डाऊन घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. हरिश्चंद्रगडावर जानेवारीत पहाटे दव पडतं तेव्हा टेंट आतून निथळतो, आणि थंडी असून असून किती, एक साधी सिंथेटिक बॅग किंवा दोन चांगल्या चादरी आणि स्वेटर पुरतो.

माझी नवी बॅग ८०० फिल, ५२० ग्रॅम, ९०/१०, बॅफलवाली, कम्फर्ट उणे ७. पैसे जमवायला दीड वर्ष लागलं. ती घेऊन पुढच्याच्या पुढच्या वर्षी लडाखला मारखा व्हॅलीला गेले, निमालिंगला ४,७०० मीटरच्या वर मुक्काम, सप्टेंबर. जेवणात तूप घालून भात खाल्ला, बाटलीत गरम पाणी, कोरडे कपडे, आणि झोपायच्या अर्धा तास आधी बॅग पिशवीतून काढून झटकून ठेवली. मध्यरात्री एकदा जाग आली, कान देऊन ऐकलं तर बाहेर वारा होता, आणि मला गरम होत होतं म्हणून मी चेन वीतभर खाली केली.

यंदा मे महिन्यात ती पहिल्यांदा धुतली. अंगाचं तेल डाऊनला लागत राहतं आणि ते फुलायचं कमी होतं, तसं ते दिसायला लागलं होतं, हुडजवळचे कप्पे पडल्यासारखे. डाऊनचा वेगळा साबण मिळतो, तो कोमट पाण्यात घालून मोठ्या टबमध्ये बॅग बुडवली आणि पायाने हळूहळू दाबली, मग चार वेळा स्वच्छ पाणी. ओली बॅग कधी एका टोकाने उचलायची नाही, आतल्या भिंती फाटतात, खालून दोन्ही हात घालून बाळाला उचलतो तशी उचलायची. पिळायची नाही. गच्चीवर सावलीत खाटेवर पसरली आणि दुसऱ्या दिवशी बघते तर आत नुसते गोळे, आक्रोडाएवढे, आणि मला वाटलं संपली माझी बॅग.

आई वर आली, बॅगेवरून हात फिरवला, काही न बोलता खाटेच्या कडेला बसली आणि कापडाच्या बाहेरूनच एक गोळा दोन बोटांत धरून विस्कटायला लागली. उशीतला कापूस ती अशीच मोकळा करायची. मी दुसऱ्या बाजूने सुरू केलं. असं तीन दिवस, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, कप्प्यामागून कप्पा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पायाकडचा शेवटचा कप्पा तेवढा राहिला होता आणि बाकीची बॅग खाटेवर वीतभर फुगून बसली होती. आईने तिच्यावर तळहात टेकवला, सोडला, परत टेकवला. "आजीला दाखवायला हवी होती," म्हणाली, आणि मग पायाकडे सरकून, "थांब, इथे एक गाठ राहिलीय."